विचारा की! : या महिन्यात फक्त स्टायलस पेन

मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की टचस्क्रीनवर चालणारं पेन घरी वीस-पंचवीस रुपयांत होतं, आणि त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

ताई, माझी मुलगी तिसरीत आहे, टॅबवर अक्षरं गिरवायचं ॲप वापरते. बोटानं गिरवून गिरवून तिची पेन धरायची सवय मोडतीय असं वाटतं. पेन घ्यायला गेले तर एका दुकानात दीडशेचं दाखवलं, दुसऱ्यात दोन हजारांचं, आणि दिसायला दोन्ही सारखीच. साधं बॉलपेन टोपण लावून फिरवलं तर स्क्रीनवर काहीच उठत नाही. घरी करता येतं म्हणालात ते नीट सांगा. (कसबा बावडा)

टोपण लावलेलं पेन का चालत नाही एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून आधी ते सांगते. हल्लीच्या फोन-टॅबची स्क्रीन दाब ओळखत नाही. काचेच्या खाली वीज वाहून नेणाऱ्या पारदर्शक थराची बारीक जाळी असते, त्या जाळीत अगदी थोडा विद्युतभार खेळत असतो, आणि आपलं बोट टेकलं की त्यातला किंचितसा भार आपल्या अंगाकडे ओढला जातो, तेवढ्यावरून स्क्रीनला कळतं की इथं बोट आहे. प्लास्टिकमधून वीज जात नाही. त्यामुळं प्लास्टिकचं टोपण कितीही दाबलं तरी स्क्रीनच्या लेखी तिथं कोणी आलेलंच नसतं. जुन्या फोनचं गणित वेगळं होतं, २००८ मध्ये आलेला नोकियाचा ५८०० ज्यांनी वापरला असेल त्यांना आठवेल, तो दाबावर चालायचा आणि नखानं, काडीनं, कशानंही चालायचा. ती पद्धत फोनमधून गेली, म्हणून आता हा सगळा खटाटोप.

हे वाचता वाचता स्वयंपाकघरातून स्टीलचा एक चमचा आणा. उलटा धरून त्याची गोल पाठ फोनवर टेकवा, ॲप उघडेल. आता दांडीला कोरडा जाड नॅपकिन दोन-तीन वेढे गुंडाळा आणि परत टेकवून बघा, अडखळायला लागेल किंवा चालणारच नाही. चमचा तोच, स्क्रीन तीच, फक्त तुमच्या हाताशी असलेला दुवा तुटला. घरी केलेल्या पेनात एवढं एकच सांभाळायचं असतं, टोकापासून तुमच्या बोटांच्या कातडीपर्यंत विजेची वाट कुठं तुटता कामा नये.

आज संध्याकाळीच करायचं असेल तर हे करा. संपलेलं बॉलपेन घ्या, रिफिल काढून टाका. कापसाची इअरबड अर्धी कापून पेनाच्या तोंडात अशी बसवा की कापसाचा बोंडा तेवढा बाहेर राहील. मग डब्यात चपात्या गुंडाळतो ती फॉईल बोटभर रुंद फाडून कापसाच्या बुडाला घट्ट वेढा, तीच पट्टी तशीच खाली पेनावर गुंडाळत मुलगी जिथं धरते तिथपर्यंत न्या. वरून सेलोटेप लावायचा मोह होईल, तो फक्त फॉईलच्या शेवटच्या कडेला लावा, बोटं टेकतात तिथं अजिबात नको, नाहीतर वाट तिथंच बंद. आता कापसाला पाण्याचा एक थेंब. ओला झाला पाहिजे, गळता कामा नये. झालं पेन. दहा-पंधरा मिनिटांनी कापूस वाळला की पेन बंद पडतं, परत थेंब लावायचा, आणि मुलं हे फार आवडीनं करतात असा माझा अनुभव आहे, वाटीत पाणी घेऊन बसतात जसं काही दौतच.

टिकाऊ हवं असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आयसी (म्हणजे सर्किटच्या छोट्या चिपा) खोचून ठेवतात तो काळा फोम मागा. काळाच. गुलाबी फोम पण मिळतो, तोही स्थिर विजेपासून बचावासाठीच असतो, पण त्यातून आपल्या कामापुरती वीज जात नाही, मी पहिल्यांदा तोच आणला होता आणि एक अख्खा रविवार पेन का चालत नाही म्हणून डोकं धरून बसले होते. काळ्या फोममध्ये कार्बन असतो. त्याचा छोटा तुकडा कापून टोक गोलसर करा, रुंदी सहा-सात मिलिमीटर ठेवा. याहून बारीक केलं तर स्क्रीन दाद देत नाही, कारण जाळीच्या रेघा एकमेकींपासून चार-पाच मिलिमीटरवर असतात आणि फारच लहान स्पर्श आला की स्क्रीन तो चुकून झालाय असं धरून सोडून देते. दुकानातल्या स्वस्त पेनांचं रबरी टोक तेवढं जाडजूड का असतं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

फोममध्ये तांब्याची तार खुपसा, ती पेनाच्या नळीतून आत घेऊन मागून किंवा बाजूच्या भोकातून बाहेर काढा आणि बोटं टेकतात त्या जागी दहा-बारा वेढे द्या. तार मोटर वायंडिंगवाल्याकडं तुकड्यात मिळते, कोल्हापुरातल्या उद्यमनगरात कुणी ओळखीचं असेल तर पैसेही घेणार नाहीत, पण त्या तारेवर वार्निशचा थर असतो आणि तो दिसत नाही. फोममध्ये जाणारं टोक आणि हातात येणारे वेढे दोन्ही पॉलिश पेपरनं घासून लालसर चकाकी येईपर्यंत उघडे करा. फोम बसवताना फेविक्विक तार आणि फोमच्या मध्ये जाऊ देऊ नका, ते वाळलं की काचेसारखं होतं आणि वीज अडते, बाहेरच्या कडेला पेनाशी चिकटवा. पेनाची बॉडीच धातूची असेल तर वेढ्यांची भानगडच नाही, तार आतून बॉडीला टेकली की काम झालं.

लिहिताना मुलगी तळहात स्क्रीनवर टेकवणार, मग रेघ भलतीकडंच उठणार, तिथं हाताखाली रुमालाची चार पदरी घडी ठेवायला सांगा, घडी कोरडी हवी. आणि एक माझं मत म्हणून सांगते, पेन केलंत तरी टॅबवर गिरवणं हे पाटीवर गिरवण्यासारखंच धरा, काचेवर टोक घसरतं, कागदासारखं धरून राहत नाही, त्यामुळं रोजचं एक पान वहीत चालू ठेवा. तिसरीतल्या हाताला कागदाची खरखर लागते.

माझे सासरे गुऱ्हाळावर गुळव्या आहेत, पस्तीस वर्षं काहिलीसमोर उभे राहून बोटं पार घट्ट झालीत. हंगामात मजुरीचे पैसे फोनवर येतात, पण त्यांचं बोटच फोन घेत नाही. पिन टाकताना एक आकडा उठतो, एक उठत नाही, तीनदा चुकलं की दिवसभर बंद. मग ते फोन नातवाकडं देतात आणि पिन मोठ्यानं सांगतात, चार माणसांत. घरातल्यांना हसू येतं पण मला वाईट वाटतं. यावर काही उपाय आहे का? (करवीर तालुका)

हे पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही हसला नाहीत आणि बसून लिहिलंत, फार बरं केलंत.

आधी सासऱ्यांना सांगा की चूक त्यांची नाही. बोटाचं वरचं कातडं जाड, कोरडं, घट्टे पडलेलं असलं की आतला ओलसर, वीज नेणारा भाग काचेपासून लांब पडतो आणि स्क्रीनला येणारी खूण फिकी होते. हंगामात चुलवाणाची धग लागून कातडं आणखी वाळतं. वर फोनला जाड टेम्पर्ड ग्लास असेल तर अजून भर. माझा मामा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होता, त्याचा अंगठा मी जवळून बघितलाय, मधोमध पिवळट चकती, तिच्यावर काळ्या भेगा, आणि तो त्या अंगठ्यानं फोन असा दाबायचा की वाटायचं काच फुटेल. दाबून काही होत नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं मामा, बोट वाकव आणि मधल्या सांध्याच्या पाठीनं हलकं टेकव. उठलं! पहिल्या फटक्यात. सांध्यावरचं कातडं मऊ असतं, तिथं घट्टा पडत नाही. सासऱ्यांना आज हे करून बघायला लावा, एक पैचा खर्च नाही. नाहीतर बोट ओल्या फडक्यावर टेकवून मग फोनला लावायचं, पूर्वी नोटा मोजायला ओला स्पंज ठेवायचे तसं.

पण पिनसाठी त्यांना पेनच द्या असं मी म्हणेन. तुम्हाला वाटेल बोटाचंच चालत नाही तर पेन त्याच हातात धरून काय होणार, तर होतं, कारण पेन तीन बोटांत आणि अंगठ्याच्या बेचक्यात बसतं, टेकलेली जागा बोटाच्या टोकापेक्षा कितीतरी जास्त, त्यातला काही भाग मऊ कातड्याचा, आणि तेवढी वाट पुरते. रबरी किंवा जाळीदार टोकाचं शंभर-दीडशेचं पेन घ्या, मात्र बॉडी धातूची बघून घ्या आणि दुकानात त्यांच्याच हातानं त्यांच्याच फोनवर चालवून बघा, तुमच्या नाही. तुमच्या बोटाला सगळीच पेनं चालतील. बारीक पेन त्यांच्या हातात ठरणार नाही, म्हणून धरायच्या जागी उघड्या तांब्याच्या तारेचे जाडसर वेढे द्या, पकडही येते आणि हाताशी वाटही पक्की होते. मागच्या बाजूला दोरी बांधून फोनच्या कव्हरला अडकवा, नाहीतर चार दिवसांत चिपाडात जाईल.

फोनच्या सेटिंगमध्येही थोडं बघा. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये काही फोनना टच सेन्सिटिव्हिटी असा पर्याय असतो, तो चालू करा, जाड ग्लास लावणाऱ्यांसाठीच तो दिलेला आहे. ॲक्सेसिबिलिटीत टच अँड होल्ड डिले असतो, तो लाँग करा म्हणजे बोट जरा जास्त वेळ रेंगाळलं तरी फोन भलतंच काही उघडत बसत नाही. (मंगळवार पेठेतल्या ज्या काकांनी हात थरथरतात म्हणून लिहिलंय त्यांनाही हेच उत्तर, काका, जाड पकडीचं पेन आणि हे दुसरं सेटिंग, दोन्ही करा.)

आणि वहिनी, पेन हातात आलं की पहिल्या दिवशी त्यांच्याजवळ बसून एक रुपया तुमच्याच खात्यावर पाठवायला लावा. पिन त्यांनी स्वतः टाकायचा, तुम्ही तोंड फिरवून बसायचं.

मी चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. ऑनलाइन ‘सगळ्या टॅबला चालतं’ असं लिहिलेलं बॅटरीचं पेन अकराशेला मागवलं. माझ्या साध्या अँड्रॉइड टॅबवर रेघ उठते पण दाब दिला तरी जाड होत नाही, हात टेकला की कॅनव्हास सरकतो, तिरकी रेघ वाकडी येते. पेन खराब आहे का टॅब? (राजारामपुरी)

दोन्ही चांगले आहेत, जोडा जुळत नाही. आणि विकणाऱ्यानं खोटं सांगितलं असंही म्हणता येत नाही कारण रेघ उठते, पण चित्र काढणाऱ्याला नुसती रेघ उठून काय उपयोग.

तुझं पेन टोकातून बारीकसा सिग्नल सोडतं आणि स्क्रीनला बोट असल्याचं भासवतं. म्हणून टोक दीड मिलिमीटरचं असूनही चालतं, त्याचा फायदा तेवढाच. टॅबला ते बोटच वाटतं, मग तुझा तळहात आणि पेन यातला फरक त्याला कसा कळणार, आणि दाब किती दिलास हे सांगायची त्या पेनाकडं सोयच नाही. तिरकी रेघ हळू ओढली की पायऱ्यापायऱ्यांची किंवा लाटेसारखी येते, ती जाळीच्या दोन रेघांमधला अंदाज टॅब बांधत असतो म्हणून. सावकाश रेघेत जास्त दिसते, झटक्यात ओढलीस तर कमी.

खरा दाब ओळखणारं पेन टॅबच्या आतूनच ठरतं. सॅमसंगनं २०११ मध्ये पहिला गॅलेक्सी नोट फोन काढला तेव्हापासून त्यांच्या एस पेन नावाच्या पेनासाठी स्क्रीनच्या खाली वेगळा एक थर असतो, तंत्र वाकॉम या कंपनीचं, त्या थरातूनच पेनाला चुंबकीय लहरींनी शक्ती मिळते, म्हणून लिहायला पेनात बॅटरी लागत नाही. टॅबमध्ये तो थर नसेल तर कुठलंही पेन आणून तो येत नाही. ॲपलचं पेन्सिल २०१५ मध्ये फक्त आयपॅड प्रोला आलं आणि साध्या आयपॅडला २०१८ पासून चालायला लागलं, आणि हजार-दीड हजाराची जी पेनं हात टेकला तरी गडबड होत नाही असं सांगतात ती २०१८ नंतरच्या आयपॅडवरच तसं वागतात, अँड्रॉइडवर नाही, आणि दाब बहुतेकांना तिथंही कळत नाही. म्हणजे पेन घेण्याआधी आपल्या टॅबच्या मॉडेलसमोर कुठलं पेन चालतं असं लिहिलंय ते बघायचं. तू पेन आधी घेतलंस, टॅबचं नंतर बघितलंस, बहुतेक जण तसंच करतात.

आता पैसे नसताना काय करायचं ते. एक, टोकाला पारदर्शक चकती असलेलं साधं पेन मिळतं, रबरी टोकाच्या पेनापेक्षा थोडं महाग, चकतीतून खालचा बिंदू दिसतो त्यामुळं रेघ हवी तिथं सुरू करता येते, स्केचला हे बरं आहे. चकती नाजूक असते, दोन-तीन जास्तीच्या घेऊन ठेव. दोन, आणि माझा कौल याला आहे, टॅबचा नाद सोडून दोन-तीन हजारांपासून मिळणारी ग्राफिक्स टॅबलेटची पाटी बघ. तिला स्क्रीन नसते, कॉम्प्युटरला जोडायची, बरीचशी अँड्रॉइड फोनलाही ओटीजी केबलनं (फोनला बाहेरची वस्तू जोडायची छोटी वायर) चालतात, पेनाला बॅटरी नाही, आणि दाबाचे हजारो टप्पे ओळखते. हात इथं आणि नजर तिथं हे पहिले पंधरा दिवस फार अवघड जातं, हात हट्टानं खाली बघायला लावतो, पण तू रंकाळ्यावर बसून स्केच करत असशील तर तिथंही नजर समोरच्या म्हशीवर आणि हात कागदावर असतोच की, त्यातलीच ही गोष्ट.

अकराशेचं पेन फेकू नकोस. नोट्स लिहायला, फोटोवर खुणा करायला उत्तम आहे.

घरी केलेल्या पेनानं स्क्रीनला चरे पडत नाहीत का? मी फौंड्रीत मोल्डिंगला आहे. (शिरोली)

कापूस, फोम, रबर यांनी काचेला चरा पडत नाही. फॉईलची किंवा तारेची उघडी कड टोकाशी आली तर प्लास्टिकच्या स्क्रीन गार्डवर नक्की ओरखडा येतो, म्हणून ती मागं ठेवायची. पण तुमच्या बाबतीत भीती पेनाची नाही, वाळूची आहे. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका, आणि सिलिका फोनच्या काचेपेक्षा कठीण असते. तिचा एक कण फोममध्ये रुतून बसला की तुम्ही पेन नाही, पॉलिश पेपर फिरवताय. कामावर नेताना पेनाला टोपण लावा, खिशात मोकळं टाकू नका, लिहिण्याआधी स्क्रीन पुसा, टोक झटका, आणि फोमचं टोक दर महिन्याला बदला, एका तुकड्यात वीस टोकं निघतात. स्क्रीन खरवडून पुसू नका हेही सांगते, धूळ आधी फुंकून घालवायची, मग मऊ फडकं.

आमचं हुपरीला चांदीचं काम आहे, तारेचे बारीक तुकडे पडून असतात. चांदी वीज सगळ्यात चांगली नेते म्हणतात, मग चांदीचं टोक केलं तर पेन भारी चालेल का? (हुपरी)

चांदी सगळ्या धातूंत वीज सगळ्यात चांगली नेते हे खरं आहे दादा, पण इथं वीज जाते ती इतकी कमी की कार्बनचा फोमसुद्धा पुरून उरतो, तांबं लावलं काय आणि चांदी लावली काय, फोनला फरक कळत नाही. आणि धातूचं टोक काचेवर नकोच, टकटक वाजतं, घसरतं, काचेला सपाट टेकत नाही म्हणून मधेच तुटतं. टोक मऊ पाहिजे, काचेवर टेकलं की जरा पसरलं पाहिजे.

तरी तुमच्या चांदीला एक काम आहे. थंडीत हातमोजे घालूनही फोन चालावा म्हणून ज्या हातमोज्यांच्या बोटांत खास दोरा शिवलेला असतो, त्यात बऱ्याचदा चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा दोरा असतो. २०१० च्या थंडीत दक्षिण कोरियात लोक मोजे काढायला नको म्हणून चक्क सॉसेजनं फोन चालवायचे, त्यापेक्षा हे बरं. तुमच्याकडची केसासारखी बारीक तार असेल तर लोकरी मोज्याच्या तर्जनीच्या टोकाला आतून बाहेर अशी पंधरा-वीस टाके घालून बघा, टाके एकमेकांना चिकटून हवेत, एकूण ठिपका करंगळीच्या नखाएवढा झाला पाहिजे, आतल्या बाजूला तार बोटाला टोचणार नाही पण टेकेल अशी ठेवा, आणि तारेची टोकं आतच दुमडा. पहाटे पन्हाळ्याला फिरायला जाणारे पहिले गिऱ्हाईक तुम्हाला मी मिळवून देते, त्यात एक मी स्वतः आहे.